पहिलाच कपडा मखमलीचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकला थंडी पडायला लागली, घरोघरी लग्नांची बोलणी सुरू झाली, की हा प्रश्न माझ्याकडे येतोच : "ताई, शिवण नुकतीच शिकतेय. पहिला कपडा मखमलीचा शिवला तर जमेल का?"

जमेल. पण ब्लाउज नको, पैठणीवरचा तर मुळीच नको. येवला आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा पैठणी घेतली की त्यावर मखमलीचा ब्लाउज हवा असं पुष्कळजणींना वाटतं. पण ब्लाउजला टक्स आले, गोल मुंढा आला, त्यात बाही बसवणं आलं. या तिन्ही ठिकाणी मखमल सरकते. पहिल्यांदा बिनबाह्यांचं, समोरून उघडं, सरळ जाकीट शिवा. आतून सुती अस्तर लावा.

मी सुरुवात ब्लाउजनेच केली होती, धाकट्या बहिणीच्या लग्नात. मेन रोडवरून वांगी रंगाची मखमल आणली, अगदी मापात. पुढचे दोन्ही भाग एका दिशेने बसेनात म्हणून एक उलटा फिरवून बेतला. साध्या कापडावर आपण हे नेहमी करतो. रात्री ट्यूबलाइटखाली शिवून संपवला तेव्हा काहीच खटकलं नाही. सकाळी उन्हात धरला आणि पोटात गोळा आला : उजवी बाजू गडद वांगी, डावी फिकट, रुपेरी झाक असलेली. एकाच ताग्यातलं कापड, पण दोन रंगांचं दिसत होतं. बदलायला कापडही नव्हतं आणि वेळही. बहीण एका शब्दानं बोलली नाही, तिनं पदर जरा पुढे ओढून घेतला. ते मला अजून आठवतं.

चूक झाली ती लवेमुळे. मखमल विणतात तेव्हा दोन कापडं समोरासमोर एकत्र विणली जातात आणि त्यांना जोडणारे धागे मधोमध पात्याने कापतात. त्या कापलेल्या टोकांची दाट लव उभी राहते, पण ती एका बाजूला किंचित झुकलेली असते. लवेच्या दिशेने बघितलं तर उजेड तिच्यावरून परत येतो, रंग फिका आणि चमकदार दिसतो. उलट बाजूने बघितलं तर उजेड लवेत शिरतो आणि रंग खोल दिसतो. म्हणून सगळे भाग एकाच दिशेने बेतायचे. मला लव वर जाणारी आवडते, तिचा रंग भरदार येतो. दिशा ठरली की प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढा. यात कापड जास्त लागतं. जिथे दीड मीटर पुरेल तिथे मी पावणेदोन घेते. दुकानातही कापडाचा तागा पायरीवर, उजेडात उघडून बघा आणि तळवा वरून खाली, खालून वर फिरवा. एकीकडे हात गुळगुळीत सरकेल, दुसरीकडे अडेल. ताणून बघितल्यावर खूप ताणली जाणारी मखमल पहिल्यांदा घेऊ नका. ती होजिअरीसारखी विणलेली असते, तिची सुई वेगळी आणि तऱ्हाही वेगळी.

बेतताना कापडाची दुहेरी घडी नको. एकेरी पसरा, सुलट बाजू खाली, आणि उलट्या बाजूवर आखा.

शिवताना खरा त्रास होतो तो सरकण्याचा. दोन भाग सुलट्यावर सुलट ठेवले की दोन्हीकडची लव एकमेकींना ढकलते आणि टीप संपेपर्यंत वरचं कापड बोटभर पुढे गेलेलं असतं. टाचण्यांवर विसंबू नका. त्यांची खूण लवेवर उठते, लावायच्याच तर शिलाईच्या मार्जिनमध्ये. त्यापेक्षा हाताने कच्चा धावदोरा घाला, तोही दोन ओळींत. कंटाळवाणं वाटेल, तरी घाला. माझ्याकडे शिकणाऱ्या ज्या मुलींनी हे काम टाळलं, त्यांना उसवावंच लागलं, आणि मखमल उसवली की टाक्यांची भोकं आणि दबलेली रेघ राहतेच. मग मशीनवर टाका जरा मोठा, साधारण 3 मिलिमीटर, सुई 11 किंवा 14 नंबरची, आणि फूटचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब कमी करा. जुन्या मशीनला वरच त्याचा स्क्रू असतो. टीप लवेच्या दिशेने मारा. आधी मखमलीच्या उरलेल्या तुकड्यावर दोन-चार टिपा मारून बघा, हे मात्र चुकवू नका.

इस्त्री सुलट बाजूवर कधीच टेकवायची नाही. लव एकदा चपटी झाली की तो डाग जन्माचा. जाड टॉवेल किंवा मखमलीचाच तुकडा लव वर करून पसरा, त्यावर कपडा पालथा ठेवा आणि इस्त्री थोडी वर धरून नुसती वाफ द्या. शिलाई बोटांनी उघडून दाबा.

जाकीट तयार झालं की घडी घालून पेटीत ठेवू नका, हँगरला लावा. घडीची रेघ पडलीच तर गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ टांगा आणि ओलसर असताना मऊ ब्रशने हळूच लव उठवा. पहिल्यांदा ब्रश फिरवाल तो लवेच्या दिशेने, आणि तो बाण तुम्ही मागे काढलेला असेलच, आता अस्तराखाली.