चांगल्या दिवशी काय करता?

मी फिजिओ आहे, जुनाट दुखण्याचे पेशंट बघते. पुस्तकात तीन महिन्यांच्या वर टिकलं की जुनाट, पण आमच्याकडे जे येतात ते वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढून, दहा ठिकाणी दाखवून, पार वैतागून आलेले असतात. त्यांचा एक ग्रुप दर आठवड्याला भरतो, तो मी नाही चालवत, एक ताई चालवतात ज्यांना स्वतःला फायब्रोमायल्जिया (सगळं अंग सतत दुखत राहण्याचा आजार) आहे आणि त्यांनी या कामाचं रीतसर ट्रेनिंग घेतलंय. मी कोपऱ्यात बसते आणि विचारलं तरच बोलते. खरं सांगू, माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम हेच.

त्या दिवशी एक दादा पहिल्यांदाच आले, सोबत बायको. चाळिशीचे, कमरेचं ऑपरेशन होऊनही दुखणं राहिलेलं, काखेत एमआरआयची फाईल. त्याआधी मी त्यांना एकट्याला भेटले होते तेव्हा त्या रिपोर्टमधल्या 'झीज'ची धास्ती कमी व्हावी म्हणून 2015 सालचे आकडे सांगितले होते, की ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन पाहिले तरी वयाच्या विशीत 37 टक्के आणि ऐंशीत 96 टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. त्यावर ते काय म्हणाले? "म्हणजे मी नाटक करतोय, असंच ना?" आता यावर काय बोलणार. आकडा बरोबरच आहे, पण ज्या माणसाला घरातल्यांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलंय त्याच्या कानात तो वेगळाच वाजतो.

तर दादा खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, सगळा भार एका बाजूला, हात खुर्चीच्या दांडीवर इतका घट्ट की बोटं पांढरी पडलेली. पाच-दहा मिनिटांनी अगदी अपराधी चेहरा करून विचारलं, "मी जरा उभा राहिलो तर चालेल का?" ताई म्हणाल्या, "अहो मी तर भिंतीला टेकूनच ग्रुप घेते," आणि लगेच आणखी तीन-चार जण उठले, कुणी कंबर धरून, कुणी पाय झटकत. दादा बघतच राहिले. बहुतेक त्यांना वाटत होतं आपल्यालाच बसवत नाही.

मग ताईंनी विचारलं, दादा, चांगल्या दिवशी काय करता? (मी पहिला प्रश्न नेहमी दुखणं दहापैकी किती असा विचारते, तो त्या कधीच विचारत नाहीत.) दादा म्हणाले, चांगला दिवस असला की राहिलेलं सगळं उरकून घेतो, माळा आवरतो, गाडी धुतो, परत कधी जमेल काय माहीत. आणि सगळा ग्रुप हसला! त्यांना नाही हसले हो, स्वतःलाच हसले, कारण प्रत्येकजण तेच करतो आणि मग तीन दिवस आडवा होतो. एक काका तर म्हणाले, "मला वाटलं माळ्याचा रोग फक्त मलाच."

यावरचा उपाय मी दादांना छापील कागदावर दिला होता. तो त्या दिवशी ताईंनी असा सांगितला, की माझं दहा मिनिटं उभं राहून काम झालं की दुखायला लागतं म्हणून मी आठ मिनिटांना टायमर लावते आणि वाजला की थांबते, चांगला दिवस असला तरी थांबते, हात शिवशिवतात तरी थांबते, मग काही दिवसांनी एखादं मिनिट वाढवते. दादांनी फाईलच्या मागेच लिहून घेतलं. माझा कागद घरी कुठेतरी पडला असेल.

पण ग्रुप म्हणजे जादू नाही, हेही त्याच दिवशी दिसलं. जरा हलकं वाटल्यावर दादा भरात येऊन म्हणाले, मग आजपासून गोळ्या बंद! एकदोघांनी "वा वा" पण केलं. ताईंनी तिथेच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण औषधाबद्दल ग्रुपमध्ये कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही हा नियम आहे. दादा प्रेगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध घेत होते, ते एकदम सोडलं तर झोप उडते, घाम येतो, घाबरं होतं, कधी फिट्सही येतात, म्हणून कमी करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. एवढं बोलून मी परत गप्प.

1977 साली जॉर्ज एंगेल या डॉक्टरने लिहून ठेवलं की आजाराकडे शरीर, मन आणि आजूबाजूची माणसं असं मिळून बघा. आम्हाला हे कॉलेजात शिकवतात, परीक्षेत लिहितोही, पण ओपीडीच्या पंधरा मिनिटांत शरीरच जेमतेम उरकतं.

आजूबाजूच्या माणसांचं म्हणाल तर दादांची बायको पूर्ण वेळ मागच्या खुर्चीत बसून होती. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, यांना उचलायला-वाकायला मीच देत नाही, भीती वाटते. आणि कधीकधी रागही येतो. आमच्यासारख्यांचा असा ग्रुप नसतो का?"

आमच्याकडे तरी नव्हता. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या तो मी नाही घेणार, तिथे घरच्यांपैकीच कुणीतरी हवं, माझ्यासमोर कुणी खरा राग बोलेल का? बरोबर आहे. आता महिन्यातून एकदा शेजारच्या खोलीत घरचे बसतात, ग्रुप एका पेशंटचे वडील घेतात, आणि तिथे मलाही आत घेत नाहीत. दादांचं दुखणं विचाराल तर आकड्यात जवळपास तेवढंच आहे, गाडी मात्र ते दोन हप्त्यांत धुतात, अर्धी आज, अर्धी उद्या.