ताकाओच्या वाटेवरचं ‘कोन्निचिवा’

टोकियोच्या लोकलमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. डबा खच्चून भरलेला, खांद्याला खांदा लागलेला, तरी ऐकू येतो तो फक्त चाकांचा आवाज. तीन वर्षं झाली, पण ही शांतता माझ्या अजून अंगवळणी पडलेली नाही. ताकाओ डोंगर मला इतका जवळचा वाटतो तो त्यामुळेच.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही पाच जण तिकडे गेलो. शिंजुकूहून केइओ लाइनची गाडी तासाभरात थेट पायथ्याशी सोडते. उंची 599 मीटर. कळसूबाईच्या 1646 मीटरपुढे हे काहीच नाही, पण वाटा मात्र एकापेक्षा एक. केबल कारही आहे. आम्ही सहा नंबरची वाट धरली, ओढ्याच्या कडेकडेने जाणारी. वाटेत बिवा धबधबा लागतो, तिथे साधक थंड पाण्याच्या धारेखाली उभे राहून साधना करतात. वर वर गेलं की वाट ओढ्यातच उतरते आणि मग दगडांवर पाय ठेवत चढायचं. देवदारासारख्या उंच सुगी झाडांचा ओलसर वास सगळीकडे भरून राहिलेला.

आणि या वाटेवर प्रत्येक माणूस बोलतो! समोरून येणारा प्रत्येक जण ‘कोन्निचिवा’ म्हणतो. आपल्याकडे गडावर अनोळखी माणसांशीही ‘जय शिवराय’ होतं, अगदी तसं. एका अरुंद वळणावर सत्तरीचे एक आजोबा आमच्यासाठी बाजूला थांबले. अस्वलाला चाहूल लागावी म्हणून त्यांच्या सॅकला छोटी घंटा बांधलेली होती. ‘अजून किती?’ मी मोडक्या जपानीत विचारलं. ‘मो सुकोशी’, म्हणजे ‘आता थोडंच’. पुढे चांगला अर्धा तास चढलो. राजगडावर, हरिश्चंद्रगडावर उतरणाऱ्यांनी मला हेच सांगितलंय, ‘आलंच आता!’ त्या एका वाक्याने मला गावाकडे आल्यासारखं वाटलं.

माथ्यावरून फुजी दिसला, बर्फाची टोपी घातलेला. बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. इथे तोरोरो सोबा खायची पद्धत आहे: सोब्याच्या शेवयांवर किसलेला, भेंडीसारखा बुळबुळीत कंद. पण त्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो, त्यामुळे आमच्या शाकाहारी मैत्रिणीने घरून धपाटे आणले होते. शेवटी आम्ही सगळ्यांनी त्यांच्यावरच हात मारला.

उतरताना एक नंबरच्या वाटेने याकुओइन मंदिरावरून आलो. हे 744 साली स्थापन झालं असं मानतात. लांब नाकाचे तेंगू, जपानी लोककथांमधले अद्भुत जीव, हे इथले राखणदार. पण मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्याच वाटेवरच्या ताकोसुगीपाशी. ताको म्हणजे ऑक्टोपस. रस्त्याच्या आड येणारी या झाडाची मुळं तोडायचं ठरलं, तर रातोरात त्याने ती स्वतःच मागे वळवून घेतली, अशी कथा सांगतात. खरोखरच ती जाडजूड मुळं बुंध्याशी गुंडाळून बसली आहेत, कुणी पाय पोटाशी घ्यावेत तशी. झाड माणसाला वाट देतं, ही कल्पनाच मला फार आवडली.

साडेचारला अंधार पडायला लागला. स्टेशनशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकून घरी आलो.

रविवारी कुणाचेच पाय चालायला तयार नव्हते. मग निशीकासाईजवळच्या कासाई रिंकाई पार्कात, समुद्राकाठी, चटई टाकली. इथे चटईवरही बूट काढूनच बसतात. आम्ही बॅडमिंटन खेळत होतो. फूल शेजारच्या चटईवर पडलं, ते द्यायला चार-पाच वर्षांची एक मुलगी आली. फूल दिलं, आणि जाताना आमचे अस्ताव्यस्त पडलेले दहा बूट, टाचा चटईकडे करून, ओळीत लावून गेली. तिला कुणीही सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे आईने पुण्याहून पाठवलेला दिवाळीचा फराळ होता. त्या मुलीला चकली दिली. तिने आधी आईकडे पाहिलं, आईने मान हलवल्यावर दोन्ही हातांनी घेतली. थोड्या वेळाने ती परत आली, हातात सोललेल्या काकी फळाच्या फोडींचा डबा घेऊन.

‘याला काय म्हणतात?’ तिच्या आईने विचारलं.

‘चकली.’

‘चाकुरी!’ मुलगी म्हणाली, आणि अजून एक मागितली.