फळ्यावर सनबोर्ड नव्हता

सोमवारी सकाळी लेसर कटिंग मशीनचं झाकण उचललं आणि लेसरचं डोकं ज्यावर सरकतं त्या रेलवर सवयीने बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं. शनिवारी हीच रेल मी स्वतः पुसून, हलकं तेल लावून गेले होते. दोन दिवसांत एवढा गंज पावसाळ्याच्या ओलीनेही येत नाही. मग लेन्स काढून उजेडात धरली, तर दूध सांडल्यासारखी पांढुरकी. मशीनशेजारच्या उघड्या रॅकमधल्या ड्रिल बिटांवरही तांबूस पूड बसली होती. काय झालंय ते मला तिथंच कळलं. कोणी केलं आणि का, हे कळायला दुपार झाली. आणि त्यात माझा वाटा किती, याचा हिशेब आजही लागत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका जुन्या मशीनशॉपच्या शेडमध्ये आम्ही काही जण मिळून सामायिक वर्कशॉप चालवतो. वर्गणी भरायची, वेळ लावून घ्यायची, मशीन वापरायचं. दोन थ्रीडी प्रिंटर, लाकूड कोरायचा एक राउटर, एक पिलर ड्रिल आणि ज्यासाठी निम्मे लोक येतात तो ८० वॅटचा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा, लेसर. मी मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोलीत बावीस वर्षं क्वालिटीत काढली, आता शनिवार-रविवार हा लेसर सांभाळते. चामड्यावर नक्षी काढायला चप्पल कारागीर येतात, मॉडेलं घेऊन आर्किटेक्चरची पोरं येतात, आणि गणपतीच्या आधी तालमींची, म्हणजे पेठांतल्या गणेश मंडळांची, पोरं मखराचं सामान घेऊन येतात.

लेथवर वाढलेल्या माणसाला लेसर फसवतो. लेथचा धोका डोळ्यांपुढे फिरत असतो. जॉब पकडणाऱ्या चकची चावी त्यातच विसरली तर ती उडणार हे पहिल्याच आठवड्यात अंगात मुरतं. लेसरचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो दिसतच नाही. झाकणाचं अ‍ॅक्रिलिक तो अडवतं, म्हणून झाकण उघडलं की किरण तोडणारा एक स्विच असतो. आमचं मशीन बसवून गेलेल्या माणसाने त्या स्विचवर वायरीचा तुकडा मारून तो कायमचा जोडून टाकला होता. विचारलं तर म्हणाला, "ताई, सारखं बंद पडतंय म्हणून गिऱ्हाईक फोन करतंय." वीस मिनिटांचं प्रशिक्षण देऊन तो गेला. ती वायर मी काढली. इंग्रजीत छापलेला, लॅमिनेट केलेला एक तक्ताही तो देऊन गेला होता, काय कापायचं आणि काय नाही याचा. तो भिंतीवर लागला आणि आम्हाला वाटलं, झालं काम.

त्यातच ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू, आणि जळाली तीही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. गावातल्या प्रत्येकाची तिथली काहीतरी आठवण आहे. पुढच्या रविवारी आमच्या बैठकीत आगीशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि ते बरोबरच होतं. अ‍ॅक्रिलिक पेटलं की लाकडापेक्षा वाईट. पेटते थेंब शीटखालच्या हनीकोंबच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या, जाळीतून खाली पडतात आणि खाली साठलेल्या चुऱ्याला आग लावतात. हवेचा झोत देणारा कॉम्प्रेसर चालू करायला विसरलं की मिनिटभरात ज्योत उभी राहते. मी भांडून पावडरऐवजी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर घ्यायला लावले, कारण पावडर मारली तर आग विझते, पण आरसे, लेन्स आणि रेल त्यातच जातात. जाळीखालचा ट्रे दर शनिवारी रिकामा करायचं ठरलं. आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर मी लाल मार्करने माझ्या हाताने लिहिलं: लेसर चालू असताना मशीन सोडून कोणीही हलायचं नाही.

धूर बाहेर टाकणारा पाइप मोठा करायचा आणि ताज्या हवेसाठी मागच्या भिंतीत झडप काढायची, हा विषयही मी मांडला होता. तो दिवाळीनंतर बघू म्हणून बाजूला पडला. मशीन घ्यायला पैसे गोळा होतात, पाइपाला होत नाहीत.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी जुन्या पेठेतल्या एका तालमीची चार पोरं आली. त्यांच्याकडे मंडळाच्या नावाची अक्षरं कापायला ३ मिमीचं सोनेरी अ‍ॅक्रिलिक होतं, आणि मखराच्या जाळीसाठी ५ मिमीचे पांढरे सनबोर्ड, ते फोमसारखे हलके प्लास्टिकचे बोर्ड. अ‍ॅक्रिलिक मी कापून दिलं. सनबोर्ड बघितल्यावर म्हटलं, "हे नाही चालत. पीव्हीसी आहे." आणि तक्त्याकडे बोट दाखवलं. मागे रांगेत पाच जण उभे होते. एक पोरगा म्हणाला, "ताई, दरवर्षी कटरनं कापतोय की, काय हुतंय?" मी म्हटलं, "कटरने काप. लेसरवर नाही." तो गप्प बसला. मला वाटलं, समजलं त्याला.

सहाला मी घरी गेले. संध्याकाळी मशीनवर आमच्यातलाच एक धाकटा होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. कापायच्या नक्षीची कॉम्प्युटरवरची फाइल साफ करण्यात त्याचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. दोनदा आखलेल्या रेषा, न जुळलेली टोकं तो पाच मिनिटांत हुडकून काढतो. पोरांनी त्याला गाठलं. लबाडी नव्हती त्यांची, त्यांनी सरळ शीट पुढे केली. त्याने विचारलं, "हे काय आहे?" ते म्हणाले, "सनबोर्ड." त्याने तक्ता वाचला. तक्त्यावर पीव्हीसी, व्हिनाइल, पॉलिकार्बोनेट, एबीएस. सनबोर्ड कुठंच नव्हता. बोटाने दाबून बघितलं, फोमसारखं लागलं. एका कोपऱ्यात चाचणीचा चौकोन कापला, तो लोण्यासारखा सुटला. मग त्याने पहिली शीट लावली.

पीव्हीसीच्या वजनात साधारण ५७ टक्के क्लोरीन असतो. लेसरने ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओल मिळेल तिथं त्याचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होतं. संडास साफ करायला बाटलीत मिळतं तेच. ओल रेलवर असते, तशी डोळ्यांत, नाकात आणि घशातही असते. त्यात बाहेर सर आली, पाणी आत येतं म्हणून पोरांनी शटर खाली ओढलं. ब्लोअर चालूच होता, त्याचा आवाज येत होता, म्हणून सगळ्यांना वाटलं धूर जातोय. पण आत हवाच आली नाही तर ब्लोअर बाहेर काय फेकणार? तो नुसताच घुमत राहिला. वासाचा संशयही आला नाही, कारण दिवसभर अ‍ॅक्रिलिक कापून शेडभर आधीच उग्र वास भरलेला होता.

दोन शीट पूर्ण झाल्या. पोरं डोळे चोळत शटरच्या फटीपाशी जाऊन उभी राहत होती, परत येत होती. तो मात्र उठला नाही. घसा धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी स्टूल मशीनला चिकटवून बसून राहिला. तिसऱ्या शीटच्या मध्यावर त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. तेव्हा तालमीच्या पोरांनी शटर वर फेकलं, त्याला उचलून बाहेर आणलं, दुचाकीवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. त्याला वाफ दिली, ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी घरी सोडलं. पोरं रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, हे त्याच्या आईने मला सांगितलं.

आमच्या एका सभासदाने नंतर बैठकीत म्हटलं, "एवढं शिकलेलं पोरगं, एवढं कळू नये?" मला त्याचा राग आला आणि अजून आहे. बाजारात या वस्तूला पीव्हीसी कोणी म्हणत नाही. दुकानदार सनबोर्ड म्हणतो, पेंटर सनबोर्ड म्हणतो, बिलावर सनबोर्ड लिहिलेलं असतं. रेक्झिन, फ्लेक्स, तेही तसंच. आपण भिंतीवर एक नाव लावायचं, माणसाने दुकानातून दुसऱ्या नावाने वस्तू आणायची आणि मग त्याची अक्कल काढायची?

मंगळवार-बुधवार मशीन उघडून बसले. खायचा सोडा पाण्यात कालवून फडक्याने रेल, स्क्रू, बेडच्या कडा पुसल्या, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं, मग तेल. रेलचा वरचा गंज निघाला, पण गाडी सरकवली की एका जागी अजून खरखर लागते. हाताला कळते, डोळ्याला दिसत नाही. लेन्स गेलीच. ऐन सणात मशीन बंद राहिलं आणि लोकांची बोलणी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा आणला. मूठ म्हणून टोकाला बुचाचं लाकूड लावलं. वस्तूत क्लोरीन आहे का ते ओळखायची ही बाइलस्टाइन चाचणी, १८७२ पासूनची, आणि तिला गॅसची ज्योत सोडून काही लागत नाही. तार ज्योतीत धरून आधी तिच्यावरचं व्हार्निश जाळायचं, ज्योत साधी होईपर्यंत. मग लाल तापलेलं टोक वस्तूला टेकवायचं, कणभर चिकटू द्यायचं आणि परत ज्योतीत न्यायचं. मी शटरबाहेर, उघड्यावर, दहा-बारा जणांसमोर करून दाखवलं. अ‍ॅक्रिलिक: पिवळी ज्योत. कमावलेलं चामडं: काही नाही. सनबोर्ड: तार ज्योतीत गेली आणि ज्योत मोरपिसासारखी हिरवी झाली. तालमीची पोरं पुढे सरकली. "परत कर की ताई," एक जण म्हणाला. मी परत केलं. सुभाषनगरचे एक चप्पल करणारे काका उभे होते. त्यांनी पिशवीतून काळी पट्टी काढली, व्यापाऱ्याने चामडं म्हणून दिलेली. तीही हिरवी. काका बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले, बोलले काही नाही.

हिरवी आली म्हणजे नाहीच. पण हिरवी नाही आली म्हणजे लगेच हो, असंही नाही. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस हिरवी ज्योत देत नाहीत, तरी ती लेसरवर नकोतच. हे मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगते.

तक्ता काढून टाकला आहे. त्या जागी प्लायवूडवर खऱ्या वस्तूंचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेत: सनबोर्ड, रेक्झिन, फ्लेक्स, रेनकोटचा तुकडा, आणि खाली दुकानातली नावं. ते त्यानेच केलं, बरा होऊन आल्यावर. लेसरवर मात्र तो अजून बसत नाही. प्रिंटरपाशी बसतो, फाइली नीट करून देतो.

परवा खिळे ठोकताना त्याने विचारलं, "ताई, मला मधेच उठावं वाटलेलं. पण मशीन सोडून हलायचं नाही ना?"

मी म्हटलं, "लाल बटण दाबायचं आणि बाहेर जायचं."

"ते फळ्यावर नव्हतं," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. लाल मार्करची माझी ओळ तशीच होती, ठसठशीत. खाली अर्धा फळा कोरा होता.