माझा अनुभव: हरभऱ्याची मुळं, बारा ट्यूब आणि दोन पुसलेली झाकणं

एमएस्सी बायोटेक झाल्यावर मी एक वर्ष पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट होते, जीनोमिक्स-बायोइन्फर्मॅटिक्सच्या लॅबमध्ये. कॉलेजचे ज्युनियर सारखे विचारतात की तिथे दिवसभर नेमकं करतात काय, म्हणून एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, माझं कोडिंग शून्य होतं. इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, हरभऱ्याचा मर रोग ऐकलाय का. आता आमचं गाव लातूरकडचं, काकांच्या वावरात दरवर्षी मर लागते, त्यामुळे मी सुरूच झाले, की झाड आधी मान टाकतं, मग उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ दिसते वगैरे. बाकी प्रश्नांना काय दिवे लावले देव जाणे, पण त्या रेघेवरच माझं सिलेक्शन झालं असं मला अजून वाटतं.

काम असं होतं. हरभऱ्याच्या दोन जाती घ्यायच्या. एक जेजी ६२, जिला मर पटकन लागते म्हणून टेस्टिंगला मुद्दाम तीच वापरतात. दुसरी विजय, राहुरी कृषी विद्यापीठाची, मर रोगात टिकणारी. दोन्हींच्या रोपांची मुळं मर लावणाऱ्या फ्युजॅरियम बुरशीच्या पाण्यात बुडवायची, काही रोपं साध्या पाण्यात म्हणजे कंट्रोल, आणि चौथ्या दिवशी मुळं कापून आरएनए काढायचा, म्हणजे त्या वेळी कोणते जीन चालू आहेत आणि कोणते गप्प बसलेत ते कळतं. दोन जाती, दोन्हींत बुरशीवाली आणि साधी, प्रत्येकाचे तीन सॅम्पल, अशा एकूण बारा ट्यूब. ह्या बारा ट्यूबनी माझं वर्ष खाल्लं.

आरएनए काढणं वाचायला सोपं वाटतं. लिक्विड नायट्रोजन ओतून मुळं खलबत्त्यात कुटायची, अगदी घरी शेंगदाण्याचं कूट करतो तशी, फक्त इथे हात गोठतो आणि पावडर वितळायच्या आत ट्यूबमध्ये गेली पाहिजे. त्यात आरएनए म्हणजे भलता नाजूक, आपल्या घामातली, थुंकीतली एन्झाइम त्याचा भुगा करतात, म्हणून ग्लोव्ह्ज घालून नाकाला हात लावला तरी सीनियर दादा ओरडायचा. आरएनए किती शाबूत आहे त्याला १ ते १० मध्ये मार्क असतात, सातच्या वर हवेत, आणि माझा पहिला मार्क आला २.४. दीड महिना नुसता ह्यात गेला. त्यात सुरुवातीचे तीन महिने स्टायपेंड आलं नव्हतं, फाइल कुठल्यातरी टेबलावर होती म्हणे, आणि मेसवाल्या काकूंना मी रोज नवीन कारण सांगत होते.

शेवटी बारा ट्यूब ड्राय आइसमध्ये सिक्वेन्सिंग कंपनीकडे, म्हणजे आरएनएचे तुकडे अक्षर-अक्षर वाचून देणाऱ्यांकडे गेल्या आणि पाच आठवड्यांनी कुरिअरने एक हार्ड डिस्क आली. एवढीशी डिस्क, त्यात चोवीस फाइल्स. एकेका तुकड्याच्या म्हणजे रीडच्या चार ओळी: नाव, मग ए-टी-जी-सी ची माळ, मग एक अधिकचं चिन्ह, आणि चौथ्या ओळीत मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. ती म्हणे क्वालिटी. प्रत्येक अक्षरावर मशीनचा किती भरवसा आहे ते त्यात असतं, क्वालिटी ३० म्हणजे हजारात एक चुकण्याची शक्यता. असे कोट्यवधी रीड आणि मी, जिला टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी बघूनच धडकी भरायची. पहिल्या आठवड्यात एका चुकीच्या कमांडने मी स्वतःचाच फोल्डर उडवला. (मूळ डिस्क कपाटात होती म्हणून वाचले. कॉपी ठेवा रे बाबांनो.)

मग हे तुकडे हरभऱ्याच्या जीनोमवर, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएच्या अक्षरांच्या माळेवर नेऊन बसवायचे. २०१३ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने हरभऱ्याचा जीनोम आला, साधारण ७३ कोटी ८० लाख अक्षरं आणि २८,२६९ जीन, आणि गंमत म्हणजे तो एका कॅनडाच्या काबुली जातीचा आहे, आपल्या देशीचा नाही. ते असो. माझ्या बुरशीवाल्या जेजी ६२ चे बरेच तुकडे कुठे बसेचनात. मी दोन रात्री सेटिंग्ज बदलत बसले, शेवटी दादाला दाखवलं तर तो हसायलाच लागला, अगं वेडे ते हरभऱ्याचे नाहीतच, ती बुरशी आहे, तूच घातलीस ना. खरंच की. फ्युजॅरियमच्या जीनोमवर टाकले तर फटाफट बसले.

आणि मग आला पीसीए. म्हणजे हजारो जीनचे आकडे दाबून एका चित्रात बारा ठिपके, सारखे सॅम्पल जवळजवळ दिसायला हवेत. डावीकडे जेजी ६२, उजवीकडे विजय, सगळं छान, फक्त विजय-कंट्रोल-२ हा ठिपका डावीकडे जेजीच्या घोळक्यात जाऊन बसलेला आणि जेजी-कंट्रोल-२ उजवीकडे विजयमध्ये. जणू लग्नात दोन पोरं चुकून दुसऱ्याच पंगतीत बसली.

मी आधी प्रोग्रॅमला दोष दिला, मग व्हर्जन बदललं, मग परत पहिल्यापासून सगळं चालवलं, आणि त्या काळात क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मोठ्या कॉम्प्युटरवर, रांग एवढी असायची की सकाळी लावलेला जॉब रात्री सुरू व्हायचा. तीन आठवडे गेले. मग माझी खात्री पटली की घोळ कंपनीनेच घातलाय आणि मी त्यांना चांगला खणखणीत मेल ठोकला. आठवला तरी अजून कान लाल होतात.

दादा म्हणाला मेल कसले करतेस, रीड उघडून बघ. दोन जातींत जागोजागी एखाददुसऱ्या अक्षराचा फरक असतोच. एका जागी विजयच्या बाकी पाचही सॅम्पलमध्ये जी आणि जेजीच्या पाचही सॅम्पलमध्ये ए, आणि ह्या दोन ट्यूब बरोब्बर उलट्या. दुसरी जागा, तेच. तिसरी, तेच. म्हणजे ट्यूबवर विजय लिहिलेलं असलं तरी आत जेजी होता.

तेव्हा मी लॅबची वही काढली. त्या दिवसाच्या पानावर, खाली कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात बारीक लिहिलेलं: "इथेनॉल सांडलं, २ झाकणांवरचं पुसलं, परत लिहिलं." कुठली दोन ते लिहिलंच नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ होती आणि मला साडेसातची एसटी पकडायची होती, हेही आठवलं.

मॅडमना सांगायला गेले तेव्हा पाय लटपटत होते. त्या ओरडल्या नाहीत, आधी कंपनीला माफीचा मेल लिही म्हणाल्या, आता लगेच, माझ्यासमोर. मग मी म्हटलं की दोन्हींची नावं अदलाबदल करून टाकते. तर म्हणाल्या, तुझं चित्र सुंदर दिसावं म्हणून नावं बदलायची नसतात, आधी पुरावा आण. उणे ८० च्या फ्रिजमध्ये त्याच ट्यूबांमधला थोडा आरएनए शिल्लक होता, त्यातून एक जीन वाढवून वेगळा सिक्वेन्स केला, आणि 'विजय' लिहिलेल्या ट्यूबमधून जेजीची अक्षरं आली. कंपनी निर्दोष, मी दोषी. मग कुठे नावं बदलली आणि हे सगळं रिपोर्टमध्येही लिहायला लावलं.

पुढचं भराभर झालं. आधी दोन जातींत फरक असलेले जीन मोजकेच मिळत होते, आता यादी एकदम लांब झाली. पण तिथेही गोची असते, अठ्ठावीस हजार जीन तपासले आणि पाच टक्क्यांची चाळणी लावली की निव्वळ योगायोगाने चौदाशेच्या आसपास जीन खोटे खोटे पास होतात, म्हणून चाळणी बारीक करावी लागते, आणि ती केल्यावर माझे दोन-तीन लाडके जीन गळाले. आणि एक्सेलवर फार भरवसा ठेवू नका. माणसांच्या जीनमध्ये मार्च१ नावाचा एक होता, एक्सेल त्याची १ मार्च तारीख करून टाकायचं, शेवटी २०२० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी असल्या जीनची नावंच बदलली. एक्सेल जिंकलं.

वर्ष संपताना गावी फोन केला. अण्णांना मी काय करते ते कधीच नीट कळलं नाही, पण हरबऱ्यावर आहे एवढं माहिती होतं. म्हणाले, "मंग औंदा कोणतं बी पेरावं ते सांग की."

मी म्हटलं, मरीसाठी विजय चांगलं आहे.

"ते तर तू चौथीत होतीस तवापासून पेरतोय की गं."

मग म्हणाले की येताना बियाण्याला चोळायला ट्रायकोडर्माचं (मरीच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) पाकीट घेऊन ये, पुण्यात चांगलं मिळत असंल.