आमची वाटचाल : कागद वाचला, खर्च नाही

पहिलं पुस्तक छापायला दिलं तेव्हा प्रेसच्या मालकांनी गणित समजावलं. 16 पानांचा एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या प्लेटा, मशीन लावणं, शाई जमेपर्यंत वाया जाणारा कागद, हे सगळं 300 प्रतींना लागतं तेवढंच 1000 ला. म्हणजे जास्त छापलं की प्रत स्वस्त. आम्ही 1000 छापल्या. प्रत खरंच स्वस्त पडली, पण वितरकाला सवलत द्यावी लागली, आणि वर्षभराने दुकानांतून गठ्ठे परत येऊ लागले. कोपरे दुमडलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या त्या प्रती नव्या म्हणून विकणं जमेना.

म्हणून ईबुककडे वळलो. कागद नाही, बांधणी नाही, गोदाम नाही. खर्च उरलाच कुठे, असं तेव्हा मनापासून वाटत होतं.

तो उरला होता. लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांतलं काहीच कमी होत नाही. वर जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या आजच्या प्रमाण संगणकी पद्धतीच्या, आधीच्या फाँटात होता. रूपांतर केलं की 'तऱ्हा'तला अर्धा र हटकून तुटायचा, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जायच्या. एका कादंबरीचं मुद्रितशोधन आम्हाला नव्याने, पहिल्या पानापासून करावं लागलं. त्या आधी घाईत नुसती पीडीएफ विकली होती. फोनवर ती वाचताना दर ओळीला पान सरकवावं लागे. वाचकांची तक्रार रास्त होती. ईपब या ईबुकच्या फाइल-प्रकारात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात, पण त्यासाठी प्रकरणं, तळटीपा, अनुक्रमणिका सगळं नीट बांधावं लागतं. छापील आणि ईपबला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे ओळख क्रमांकही, वेगवेगळे.

विक्रीत गोदामाची जागा विक्रीमंचाच्या वाट्याने घेतली. ॲमेझॉनच्या किंडलवर प्रकाशकाला किमतीच्या 70 टक्के किंवा 35 टक्के असे दोन पर्याय असतात. 70 च्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार पोचवण्याचा खर्चही कापला जातो. नुसत्या मजकुराच्या कादंबरीला तो जाणवत नाही. आमच्या चित्रमय बालपुस्तकाला मात्र चांगलाच जाणवला. शेवटी प्रत्येक चित्र पुन्हा हलकं करून घेतलं.

ईबुक जवळपास फुकट असावं, असं वाचक आजही म्हणतात. मला ते पटत नाही. वाचतो तो प्रत्येक जादा प्रतीचा खर्च. पहिली प्रत तयार करण्याचा नाही. आता संपादनाचा खर्च आम्ही दोन्ही रूपांवर वाटून किंमत ठरवतो. छापील आवृत्ती लहान काढतो, ती संपली की मागणीपुरत्या प्रती डिजिटल मशीनवर. प्रत महाग पडते, पण गठ्ठे परत येत नाहीत.

मागच्या महिन्यात एका वाचकाने चुकलेलं सन दाखवून दिलं. ईबुकमध्ये ते त्याच दिवशी दुरुस्त केलं. छापील प्रतींना शुद्धिपत्राची चिठ्ठी आम्ही अजून चिकटवतो आहोत.