तुम्ही विचारलंत म्हणून: आधी माणूस की आधी यंत्रणा?

सॉफ्टवेअरची आखणी वापरणाऱ्यापासून सुरू करावी, की डेटा आणि त्याच्या नियमांपासून? हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. माझा निकष एकच आहे: चूक झाली तर ती वापरणाऱ्याला दिसते का, आणि दिसली तर त्याला ती सुधारता येते का?

मराठी अर्जातला नावाचा रकाना घ्या. यंत्रणेच्या सोयीने आखला की त्याला लांबीची मर्यादा येते आणि ‘फक्त अक्षरं चालतील’ अशी तपासणी येते. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ती १० चिन्हं आहेत आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत ३० बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचं एकक). ओरॅकल या डेटाबेसमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. तिथे २० लिहिलंत, तर सहा चिन्हांपुढे जागाच नाही.

अक्षरांच्या तपासणीचं आणखी कठीण. युनिकोड काना, वेलांटी, मात्रा आणि पाय मोडायची खूण यांना ‘अक्षर’ म्हणत नाही, त्यांचा वर्ग वेगळा. त्यामुळे ‘कमल’ला प्रवेश मिळतो आणि ‘किशोर’ला लाल रंगात ‘अवैध नाव’ दिसतं. किशोरचं काहीही चुकलेलं नसतं आणि त्याला काही सुधारताही येत नाही. म्हणून या खुणांचा वर्ग चालू द्या, आद्याक्षरांसाठी टिंब आणि जागा चालू द्या, आणि आडनाव सक्तीचं करू नका. काही माणसं एकच नाव लावतात.

मात्र ‘कऱ्हाडे’ शोधताना नुसती माणसाची बाजू घेऊन भागत नाही. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त (तीच पाय मोडायची खूण), किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे वेगवेगळी रूपं एका रूपात आणायची ठरलेली पद्धत, र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांचा ऱ करतं, जोडचिन्हाला मात्र हात लावत नाही. ‘ॲन्थनी’मधल्या ॲचंही तेच: एक सबंध चिन्ह, किंवा अ आणि वरचा चंद्र. नाव लिहिलं तसंच ठेवा आणि शोधासाठी शेजारी वेगळा रकाना करून त्यात सगळी रूपं एकाच रूपात आणा. ही चूक नाव शोधणाऱ्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त ‘नोंद सापडली नाही’ एवढंच कळतं.

पैशांच्या बाबतीत मी निःशंकपणे यंत्रणेपासून सुरुवात करण्याच्या बाजूने आहे. ‘पैसे भरा’ दोनदा दाबलं जातं म्हणून पहिल्या दाबानंतर बटण बंद करणं पुरत नाही. नेटवर्क तुटलं की ॲप स्वतःहून तीच विनंती पुन्हा पाठवू शकतं. त्यासाठी पहिल्या प्रयत्नाआधीच विनंतीला क्रमांक द्यायचा, पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तोच ठेवायचा, आणि तो दुसऱ्यांदा नोंदवला जाणारच नाही असं बंधन डेटाबेसमध्येच घालायचं. वापरणाऱ्यांच्या कितीही मुलाखती घेतल्या तरी ही गरज त्यांच्या बोलण्यात येणार नाही.

पण उत्तर आलं नाही म्हणून पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ लिहिलंत, की माणूस परत पहिल्यापासून सुरुवात करतो, नवा क्रमांक तयार होतो आणि पैसे दोनदा जातात. तिथे लिहायचं: ‘पैसे गेले की नाही हे तपासत आहोत, पुन्हा भरू नका.’