घाटातील नॉकिंग आणि योग्य ऑक्टेनची निवड : माझा अनुभव

२०२२ साली मी छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनाची, काही वर्षे वापरलेली गाडी घेतली. सपाट रस्त्यावर तिच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. मात्र वैभववाडीकडून करूळ घाट चढताना गाडीत चार माणसे आणि सामान असले, की तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून खिळे डब्यात हलवल्यासारखी बारीक टकटक ऐकू येई. पंपावरचे कोणते पेट्रोल या इंजिनाला योग्य, हा प्रश्न मी तिथपासून गांभीर्याने घेतला.

ही टकटक म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि त्या धक्क्याचे हादरे पिस्टनला सोसावे लागतात. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून भरलेली असल्यामुळे हा धोका अधिक असतो. आपोआप पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून हे माप ठरवलेले आहे. ऑक्टेन वाढला म्हणून पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ‘जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद’ या समजापोटी अनेकजण विनाकारण पैसे घालवतात.

सर्वांत आधी मी गाडीचे माहितीपुस्तक काढले. त्यात किमान ९१ आणि शक्यतो ९५ ऑक्टेन वापरावे असे लिहिले होते. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हेच दोन आकडे होते. त्या काळी साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे मिळत असे, म्हणजे मी किमान अट पाळत होतो, पण घाटातील भार त्या किमान मर्यादेवरच येऊन टेकत होता. अमेरिकेतील माहिती वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे, की तिथल्या पंपावरचा ८७ हा आकडा आपल्या ९१ च्या आसपासचा आहे. तिथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे त्यांपैकी एकाच चाचणीचा आकडा, म्हणजे रिसर्च ऑक्टेन लिहितात.

आमचे मेकॅनिक मात्र पेट्रोल बदलायला लगेच तयार झाले नाहीत. “आधी प्लग आणि कार्बन बघू, साहेब,” असे म्हणून त्यांनी प्लग योग्य प्रकारचे आहेत का, सिलिंडरमध्ये कार्बन साठला आहे का आणि कूलंट पुरेसे आहे का, हे तपासले. हा क्रम मला आजही योग्य वाटतो, कारण यांपैकी कशानेही नॉकिंग होऊ शकते आणि महाग पेट्रोलमुळे खरे दुखणे झाकले जाते. सगळे ठीक निघाल्यावर मी टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरले. नॉकिंग जाणवले की नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावरून इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे ताकद थोडी घटते. नव्या पेट्रोलशी त्याला जुळवून घ्यायला वेळ मिळावा म्हणून मी पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढला नाही. पुढे त्याच घाटात, तेवढ्याच भाराने, त्याच गिअरमध्ये गाडी चढवली आणि ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पाहत राहिलो. टकटक थांबली होती आणि टायमिंग पूर्वीइतके मागे जात नव्हते.

त्यानंतर १०० ऑक्टेनचे पेट्रोलही वापरून पाहिले. माझ्या गाडीत ९५ च्या तुलनेत काहीच फरक पडला नाही, आणि ते स्वाभाविकच होते, कारण नॉकिंग थांबल्यावर उरलेल्या ऑक्टेनचा या इंजिनाला उपयोग नव्हता. पंपावरील ‘प्रीमियम’ या शब्दावरही विसंबू नये. काही प्रीमियम पेट्रोलमध्ये मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणारे ॲडिटिव्ह असतात, म्हणून ऑक्टेनचा आकडा स्वतंत्रपणे विचारावा.

पुढे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आणि माझा हिशेब बदलला. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असल्यामुळे या मिश्रणाचा ऑक्टेन ९५ च्या घरात जातो, म्हणजे नॉकिंगपुरता माझा प्रश्न साध्या पेट्रोलनेच सुटला. पण इथेनॉलमध्ये प्रति लिटर ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरले. शिवाय माझ्या गाडीचे माहितीपुस्तक १० टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देते. म्हणून आता सर्व्हिसिंगच्या वेळी मी इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील आवर्जून तपासून घेतो, आणि इथेनॉल ओलावा शोषत असल्याने गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर जुने पेट्रोल टाकीत तसेच पडून राहू देत नाही.